लिंबाजीच्या करवतीचा टोप

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला ओळखणारं कुणी हे वाक्य वाचेल तर हसेल, कारण मी न सांगितलेलं असं मानवतच्या पेठेत काही उरलं असेल यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. लग्नात पंगत उठायला उशीर झाला, बारशाला बायकांचं आवरत नसलं, गाडी चुकून चार माणसं झाडाखाली बसली, एवढंच काय तेराव्याचं जेवण झालं तरी लोक माझ्याभोवती कोंडाळं करतात. ‘दिगूभाऊ, होऊ द्या एखादी.’ आणि मी होऊ देतो. हात उडवतो, डोळे फिरवतो, सासूचा आवाज काढतो, फौजदाराचा काढतो, तेलाच्या इंजिनाचा तर असा काढतो की म्हातारी माणसं दचकून मागं बघतात. मला त्यात भारी आनंद होतो. तो लपवून काय करू?

पण एक गोष्ट आहे. ती मी सगळ्यात जास्त वेळा सांगितली आणि दर वेळी खोटी सांगितली. त्यातलं अर्धं खरं एकदा बोलायला गेलो होतो — त्याचं काय झालं तेही येईल. उरलेलं अर्धं मात्र अजून तोंडातून निघालेलं नाही. तुम्ही दूर आहात, माझं तोंड तुम्हाला दिसत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी ती खोटी ऐका. आमच्या बाजूला ती सगळ्यांना पाठ आहे.

लिंबाजी सुतार गोल करवतीवर कामाला. मिशा अशा — इथं मी दोन्ही हात पसरून माप दाखवतो — की वाऱ्यावर तो चालला की मिशा आधी वळायच्या आणि लिंबाजी मागून. करवतीचं पातं नवंकोरं, पुसलेलं, आरशासारखं. पण पात्यावर पत्र्याचा टोप. मिशी दिसायची कशी? मग लिंबाजीनं टोप उचकटला, बाजूला ठेवला, आणि फिरत्या पात्यात बघून मिशीला पीळ द्यायला लागला. एक पीळ दिला. — इथं मी थांबतो. — दुसरा दिला. — इथं जास्त थांबतो. — आणि तिसऱ्या पिळाला बघतो तर हातच नाही.

लोक मांड्यांवर थापा मारतात. मीही मारतो.

यात मिशी तेवढी खरी आहे.

निजामाची राजवट होती तेव्हाची गोष्ट. मानवतला कापसाचं मोठं काम. जिनिंगची, गाड्यांची, दारं-चौकटींची लाकडं लागत. आमच्या शेठनं आपल्या लाकडाच्या वखारीत हैदराबादहून एक तेलाचं इंजिन आणलं आणि त्याच्यावर चालणारी गोल करवत बसवली. तोवर आमच्याकडं लाकूड म्हणजे एक माणूस वर, एक खाली, मधे लांब करवत, आणि दिवसभर दोघांचं भांडण. ही नवी करवत म्हणजे लोखंडी मेज, मेजाला चीर, आणि त्या चिरेतून वर आलेलं दातेरी चाक. इंजिनावर मी. करवतीवर लिंबाजी. तो माझ्यापेक्षा दहा-एक वर्षांनी मोठा. मी त्याला लिंबाजीभाऊ म्हणे, तो मला दिग्या. माणूस भांडखोर, कानात अत्तराचा फाया, आणि स्वतःच्या मिशीवर बायकोपेक्षा जास्त जीव. मला तो फार आवडे. हेही लिहून ठेवतो, कारण पुढं ते तुम्हाला खरं वाटणार नाही.

त्या करवतीशी कसं वागायचं हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. इंजिनाचा पट्टा चढवल्यावर पात्याला पुरता वेग येईपर्यंत लाकूड लावायचं नाही. पुरता वेग आला की दात दिसेनासे होतात आणि पातं साठलेल्या पाण्यासारखं निवांत दिसतं — तेव्हाच ते सगळ्यात वाईट. धोतराचा सोगा कमरेला खोचायचा, बाह्या वर. जुनं लाकूड आलं तर खिळ्यासाठी आधी हातानं चाचपायचं. पात्याच्या सरळ रेषेत कधी उभं राहायचं नाही, एका अंगाला राहायचं. लाकूड उलटलं तर ते रेषेत येतं, आणि माणसाच्या पोटात घुसायला त्याला वेळ लागत नाही. शेवटचा वीतभर भाग हातानं ढकलायचा नाही, दांडीनं ढकलायचा. पट्टा उतरवला तरी पातं आपोआप थांबेतो मेजावर हात न्यायचा नाही. त्याला फळी टेकवून थांबवायचं तर नाहीच.

आणि टोप. तो पात्यावर वाकलेला अर्धगोल पत्रा. त्याच्या मागच्या अंगाला जोडलेली एक जाड वाकडी लोखंडी पट्टी, ती मेजाच्या खाचेत बसवून पेच आवळायचा. लोकांना वाटे टोप महत्त्वाचा. खरं महत्त्व पट्टीला. लाकूड कापलं जातं ना, तेव्हा कधी कधी ते मागं पुन्हा मिटतं — बाभूळ तर हटकून मिटते, पिळाचं लाकूड — आणि मिटलं की पात्याला चावतं. चावलं की पातं त्याला उचलून कापणाऱ्याच्या अंगावर फेकतं, आणि ढकलणारा हात, ज्याच्यापुढं आता लाकूडच नाही, तो सरळ पात्यावर जातो. ती पट्टी कापलेल्या चिरेत राहते, चीर मिटू देत नाही. एवढंच तिचं काम.

टोप आणि पट्टी एकत्र. एक काढलं की दोन्ही निघाले. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मला म्हणता आलं असतं तर मी केव्हाच म्हटलं असतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. तुम्ही म्हणाल यात काय नवं, सगळीकडं होते. पण ज्यांची हत्यारं विळा आणि वसुला, त्यांचं ठीक असतं. आम्ही करवतीची पूजा करायची ठरवली, आणि झाकलेल्या देवाला कुंकू लावायचं कसं? सगळ्यांच्या मते टोप काढणं हाच धर्म होता. लिंबाजीनंच पेच सैल केला, मी टोप उचलला. पात्याला पाण्यानं धुतलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेठनं नारळ फोडला. त्या दिवशी आणि दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नसतो. दसऱ्यानंतर पुन्हा टोप बसवायचा आणि काम सुरू.

मला दसऱ्याला मारुतीच्या पाराजवळ सोंग करायचं होतं. रावणाचं. दर वर्षी रावणाची दहा तोंडं पुठ्ठ्याची करत, आणि दर वर्षी पहिल्याच गर्जनेला तीन-चार तोंडं खाली पडत. लोक रावणाला हसत. मला रावणाला हसलेलं चालत नव्हतं. — तर, तुमच्या लक्षात येतंय ना? अर्धगोल पत्रा डोक्यावर, आणि त्याची ती जाड लोखंडी पट्टी पाठीला बांधलेली, वरून अंगरखा. नऊ तोंडं पत्र्याला तारेनं आवळली, सगळ्याला बेगड चिकटवली. मी मान हलवली, नाचलो, उड्या मारल्या, एक तोंड हललं नाही. असा रावण मानवतनं पाहिला नव्हता. बायका पोरांना मांडीखाली लपवायला लागल्या. आणि तो मुकुट कशाचा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ते मी दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. ती गंमत राखून ठेवली होती.

सोंग उतरवतानाच पेठेतली मंडळी आली. उद्या संध्याकाळी आमच्याकडं व्हायला पाहिजे, म्हणाले. मी नको नको म्हणत हो म्हणालो. नऊ तोंडं सोडायची, परत बांधायची, कोण करणार? एकाच दिवसाचा प्रश्न होता. टोप मारुतीच्या देवळामागच्या खोलीत, सोंगांच्या सामानात राहिला.

सकाळी राणीसावरगावहून आलेल्या दोन गाड्या दाराशी उभ्या. बाभळीचे ओंडके, गाडीच्या आखांसाठी. गाडीवानांना लांब परत जायचं, ते घाईत. शेठ अजून घरी पूजेत. मी इंजिन गरम केलं. लिंबाजी मेजाशी आला, पात्यावरची सुकलेली माळ काढली, आणि इकडंतिकडं बघायला लागला.

“दिग्या, टोप कुठं हाय?”

मला सांगता आलं असतं. तो हसला असता — मला शिव्या देत हसला असता, आणि मी पळत जाऊन टोप आणला असता. मारुतीचं देऊळ काय काशीला होतं? पण गाडीवान ऐकत होते. आज सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होणार, आणि पेठेतली माणसं मुकुटाऐवजी टोप बघणार. मी म्हणालो, “लोहाराकडं दिलाय. पेच झिजला होता. शेठला ठाऊक आहे.”

“मग आज करवत न्हाई चालायची,” लिंबाजी म्हणाला आणि बिडी काढून बसला.

तो बरोबर होता. त्यानं एवढं म्हटलं आणि तो बसला, हे मी तुम्हाला अगदी स्वच्छ सांगतो, कारण हे जगात फक्त मला आणि त्या दोन गाडीवानांना माहीत आहे. तो बसला होता.

गाडीवान कुरकुरायला लागले. आणि मी — मला वाटलं काय असेल? शेठ येईल, टोप कुठंय विचारेल, ही भीती होती. पण भीती एवढीच असती तर मी गप्प राहिलो असतो. समोर दोन माणसं तोंडाकडं बघत असली की मला गप्प बसवत नाही. मी गाडीवानांकडं वळलो आणि म्हणालो, “पाव्हणं, जरा दमानं घ्या. आमच्या लिंबाजीभाऊची मिशी वाघाची हाय, पण आत मांजर बसलंय. आज टोप न्हाई तर मांजर भ्यालंय.”

ते हसले. त्यातला एक म्हणाला, “मंग मिशी तरी उतरवा की भाऊ, कामून भार वाहायलाव.”

मी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसलो. लिंबाजीनं बिडी टाकली. माझ्याकडं बघितलं — रागानं नाही. रागावला असता तर माझ्यावर धावून आला असता, तसा तो होताच. त्यानं असं बघितलं की जसं मी त्याचं काही तरी परक्या माणसांना उघडं करून दाखवलं. मग उठला, सोगा खोचला, म्हणाला, “चढव पट्टा.”

मी पट्टा चढवला.

पुढचं मी लांबवणार नाही. एरवी लांबवतो. बाभळीचा ओंडका निम्म्याच्या पुढं गेला आणि मिटला. आवाज बदलला, इंजिनाचा आवाज माझ्या पोटात कळायचा, तो जड झाला. मी पट्टा उतरवायला हात टाकला तोवर ओंडका मेजावरून उडून भिंतीला जाऊन आपटला होता. लिंबाजी एका अंगाला उभा होता, म्हणून पोट वाचलं. उजवा पंजा वाचला नाही.

तो ओरडला नाही. म्हणाला, “दिग्या, बंद कर.” बंद होतंच. पण पातं अजून फिरत होतं.

गाडीवान ओंडके तिथंच टाकून गाड्या जुंपून निघून गेले. त्यांना दोष कसा देऊ? त्या काळात पोलिसांपुढं साक्षीला उभं राहणं म्हणजे आठ-आठ दिवस तालुक्याला बसून राहणं आणि वर मार खाण्याची तयारी. ते परत कधी मानवतला आले असतील तर मला दिसले नाहीत. मी त्यांना शोधलंही नाही — सापडू नयेत म्हणून देवाला हात मात्र जोडले.

वखारीतल्या हमालांनी लिंबाजीच्या फेट्यानं हात आवळला, त्याला गाडीत घातलं. मानवत रोडच्या स्टेशनापर्यंत बैल पळवायचे आणि तिथून रेल्वेनं परभणीच्या दवाखान्यात. मला हाक मारली, चल म्हणून. लिंबाजीची मान वळली. तो माझ्याकडं बघत होता. त्याला ओळखीचं माणूस जवळ हवं होतं, आणि तिथं सगळ्यात ओळखीचा मीच.

मी म्हणालो, “तुम्ही व्हा पुढं, मी शेठला घेऊन येतो.”

आणि मी मारुतीच्या देवळाकडं पळालो. नऊ तोंडं ओरबाडून काढली. बेगड नखांनी खरवडली. टोप सोंगाच्या अंगरख्यात गुंडाळून मागच्या वाटेनं आलो आणि करवतीशेजारी भुशात ठेवला, जसा कुणी आत्ताच काढून ठेवलाय. पेच शेजारी. रक्तानं ओला झालेला भुसा होता तिथं नाही ठेवला, कोरड्यावर ठेवला. मग शेठकडं गेलो.

त्या संध्याकाळचं सोंग मी रद्द केलं. पेठेतली माणसं म्हणाली, दिगूचं मन फार मऊ.

पोलीस अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, आला. परभणीहून नव्हे, आमच्याच ठाण्याचा. पान खाणारा, जाडसर, कंटाळलेला माणूस. शेठचा चेहरा पांढरा पडला होता. अमीननं विचारलं, टोप कुणी काढला? मला वाटतं त्याला उत्तरात काही रस नव्हता. मी ‘माहीत नाही’ म्हणालो असतो तरी चाललं असतं. हे लक्षात घ्या. मला खोटं बोलायची गरजही नव्हती. पण तो माझ्याकडं बघत होता, शेठ बघत होता, दाराशी पंधरा-वीस माणसं जमली होती, आणि माझ्या तोंडातून निघालं, “साहेब, त्यानंच काढला. पात्यात मिशी बघायची खोड होती त्याला.”

अमीननं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “मूँछां देखने कू निकाला?” आणि तो हसला. असा हसला की पानाची पिंक सदऱ्यावर आली. शेठ हसला, दाराशी उभे होते ते हसले. तोवर सगळ्यांच्या छातीवर एक दगड होता, रक्त नुकतंच धुतलेलं होतं, आणि मी तो दगड उचलला होता. मला विचाराल, तेव्हा काय वाटलं? भीती गेली, हे झालंच. पण त्याच्यावर — कसं लिहू? — मला आनंद झाला. हवी तिथं हवी ती ओळ पडल्याचा. लिंबाजी तेव्हा परभणीच्या दवाखान्यात होता. मी मनातल्या मनात ती ओळ पुन्हा घोळवत होतो, अजून जरा थांबून म्हणायला हवी होती म्हणून.

दुसऱ्याच बाजाराला ती माझ्याआधी पोचली होती. एका भाजीवालीनं ती मला सांगितली. मी तिला दुरुस्त केलं — ‘दुसऱ्या पिळानंतर थांबायचं गं मावशे.’

लिंबाजी परत आला तेव्हा खरं बोलला. टोप दिगूनं नेला, मला चिडवलं, म्हणून मी चालवली करवत. जो भेटेल त्याला सांगितलं. पण त्याच्या गोष्टीत हसायला काही नव्हतं. आणि माझी आधी पोचलेली. लोक त्याचं ऐकत, मान हलवत, आणि तो वळला की एकमेकांना मिशीचा पीळ दाखवत. त्यानं मिशी काढून टाकली. मग तर काय — ‘पिळायला हातच न्हाई तर ठेवून काय करणार’ — ही जोड माझी नाही, पण मी ती लगेच उचलली.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याला वखारीवर राखणीला माणूस हवा होता, एका हाताचा चालला असता. पण ज्यानं मिशीपायी वखार पोलिसांत नेली त्याला शेठ का ठेवील? लिंबाजीची बायको सरूबाई माझ्या घरी आली. दारात उभी राहिली, आत आली नाही. म्हणाली, “भाऊजी, त्यांचं तुमच्यासंगं काय भांडण असंल ते असू द्या. तुमी शेठला एवढंच सांगा, टोप आधीच जागेवर नव्हता. कुणी नेला ते नका सांगू. तेवढ्यानं आमाला भाकर व्हईल.”

बघा, तिनं मला वाचवून मागितलं होतं. नाव घ्यायची अटही नव्हती. मी म्हणालो, “बोलतो.” ती हात जोडून गेली. मी शेठकडं गेलोसुद्धा. शेठनं मला बघितल्याबरोबर म्हटलं, “ये दिगू, हे पाव्हणे जालन्याहून आलेत, त्यांना ती लिंबाजीची सांग.”

मी सांगितली.

त्याच हिवाळ्यात लिंबाजी घर सोडून चुडाव्याला मेहुण्याकडं गेला. मेहुण्याची गुरं सांभाळायला.

अर्धं खरं एकदा बोलायला गेलो होतो असं वर म्हटलं. ते अलीकडचं, लिंबाजी वारल्यावरचं. एका लग्नात लोकांनी तीच मागितली. मी सुरू केली, आणि काय झालं कुणास ठाऊक, मधेच म्हणालो, “मंडळी, टोप त्यानं काढला नव्हता. मी नेला होता. रावणाच्या मुकुटाला.” मग एक जण फुटला, मग सगळे. रावणाचा मुकुट. नऊ तोंडं. पाठीला लोखंडी पट्टी. लोक अक्षरशः लोळले. नवरदेवाचा बाप डोळे पुसत म्हणाला, “दिगूभाऊ, या खेपंला सोतालाच घातलं की त्याच्यात.” आता लोक कधी कधी तीही मागतात. रावणाची. आणि मी तीही सांगतो. खऱ्याला जायला एक वाट होती, ती अशी बुजली. मी स्वतः बुजवली, टाळ्या घेऊन.

आता ते दुसरं अर्धं. इतका वेळ मी तुम्हाला करवतीभोवती फिरवत ठेवलं, ते हे येऊ नये म्हणून.

निजामाची सत्ता जायच्या आधीचे ते महिने होते. रझाकारांची धामधूम, गाड्यांना वेळ नाही, कुठंही उभ्या राहत. मी नांदेडहून परत येत होतो. गाडी चुडाव्याला थांबली ती सुटेचना. मी पाय मोकळे करायला फलाटावर उतरलो, आणि लिंबाच्या झाडाखाली एक बिनमिशीचा म्हातारा दोन म्हशी घेऊन बसलेला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. म्हातारा नव्हता तो, पन्नाशीचाही नसेल. मी वळणार होतो. त्यानं आधी ओळखलं.

“दिग्या?”

मी उभा राहिलो. शिव्या खायची तयारी केली. खरं तर मला त्या हव्या होत्या. तो उठला, म्हशीची दोरी पायाखाली दाबली, जवळ आला. अत्तराचा वास नव्हता. शेणाचा होता. तो म्हणाला ते त्याच्या शब्दांत लिहितो. मला ते विसरता आलेलं नाही आणि त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

“लय दिसांनी भेटलास. तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. मी तुला लय शिव्या दिल्या रे. देवापुढं बसून दिल्या. तुपलं वाटोळं व्हावं म्हणून नवस केला. सरू म्हणायची, सारं गाव खोटं आन तुमी एकलेच खरे व्हय? आता ती बी गेली. आन इथं एकलं बसून बसून, इचार करू करू, मला दिसायलंय… मीच पेच सोडायलोय. मीच टोप काढायलोय. मपलेच हात दिसायलेत, दोनी. मीच काढला असंल बाबा. मिशीचा नाद व्हताच की मला.”

पेच त्यानंच सोडला होता. खंडेनवमीला. पूजेला. तेवढं त्याला आठवत होतं — धड हात, पेच, टोप. बाकीचं मी भरलं होतं.

मग तो म्हणाला, “मला माफ कर.”

आता तुम्हीच सांगा — नाही, नका सांगू. मला विचारायचं नाही. मला ठाऊक आहे तिथं काय बोलायचं होतं. एक वाक्य. त्याला हात परत मिळाला नसता, सरूबाई मिळाली नसती. पण स्वतःचं डोकं परत मिळालं असतं. आपण वेडे नव्हतो, आपण बिडी काढून बसलो होतो, एवढं त्याला मरताना माहीत असतं. गाडी सुटायला वेळ होता. घाई नव्हती. शिट्टी झाली नाही, कुणी हाक मारली नाही, कशानंही मला अडवलं नाही.

डब्याच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. थोटा गुराखी, त्याच्यासमोर धुतलेल्या कपड्यांतला मी.

मी त्याचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. मान जराशी वाकवली. म्हणालो, “लिंबाजीभाऊ, मी मनात काही ठेवलेलं नाही. तुला कधीच माफ केलंय.”

तो रडायला लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खिडकीतली एक बाई पदर डोळ्यांना लावत होती, ती मला तिरक्या नजरेनं दिसत होती, आणि तिला नीट दिसावं म्हणून मी थोडा तिच्या बाजूला वळलो.